दोनशेपैकी एकशे ब्याण्णव

आमच्या कॉलनीत कुणाला गाडी घ्यायची असली की आधी माझ्याकडे येतात. येणारच. मी सावळीराम दोंदे, एस.टी.च्या वर्कशॉपात चौतीस वर्षं काढलेला माणूस. बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून सांगतो, कुठे दुखतंय ते. कुणी आलं की मी आधी चहा घेतो, मग गाडीभोवती एक फेरी मारतो आणि म्हणतो, घ्या, नाहीतर पळा. आजवर माझा शब्द खाली पडलेला नाही. आणि माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शकुबाईंनी मला न विचारता सेकंडहँड गाडी घेतली. तीही मोबाइलवर! बसल्या जागी, साडी मागवावी तशी.

राग आला का? आला. अजून थोडा आहे. पण गोष्ट माझ्या रागाची नाही, बाईंची आहे.

शकुंतला पगारे त्यांचं नाव. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून सगळी कॉलनी त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. यजमान जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा अश्विन पुण्याला. एकतीस वर्षं बाईंनी पेठ तालुक्यात नोकरी केली. शेवटची सोळा वर्षं पेठच्या पुढच्या एका पाड्यावर होत्या. पाड्याचं नाव मी सांगत नाही, बाईंना चालायचं नाही. मी नाशिक डेपोत होतो, त्यामुळे रोज बघायचो. सकाळी सातची पेठ गाडी, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, आणि बाई उभ्या. कंडक्टर सांगायचे, जागा मिळाली तरी दोन स्टॉपांनंतर कुणातरी लेकुरवाळीला देऊन पुन्हा उभ्याच. रिटायर झाल्या त्या दिवशी मला म्हणाल्या, "भाऊ, एकतीस वर्षं उभ्यानं गेले. आता बसून जाणार. आणि पुढच्या सीटवर. उजव्या बाजूला."

मला वाटलं, गंमत करतायत. दुसऱ्या आठवड्यात बाई मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसलेल्या! वय अठ्ठावन्न. कॉलनी हसली. आमची छाया, म्हणजे माझी मंडळी, तीही हसली. "बाई, या वयात?"

"छाया, चाळीस पोरं एका वेळी आवरलीत मी. चार चाकं काय जड आहेत?"

आरटीओ आमच्या पेठ रोडलाच. पहिल्या परीक्षेत बाई नापास झाल्या, रिव्हर्स घेताना खांबाला टेकल्या. दुसरा कुणी असता तर साहेबाच्या नावानं बोटं मोडत आला असता. या बाईनं साहेबाला सांगितलं, "योग्य नापास केलंत. महिन्यानं येते." आणि महिन्यानं पास. लायसन हातात आलं त्या दिवसापासून मात्र एक झालं, बाई कुणाच्याही गाडीत बसल्या तरी नजर स्टिअरिंगवर. आपल्या गाडीला दुसऱ्याला हात लावू देणार नाही, हे गाडी यायच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं.

गाडी हवी होती ती मिरवायला नाही. रिटायर झाल्यावरही बाई दर रविवारी त्या पाड्यावर जायच्या. दुसरी-तिसरीतल्या, अक्षरांशी अडणाऱ्या पोरांना समाजमंदिरात बसवून वाचायला शिकवायच्या. पगार नाही, पाणी नाही. मी एकदा विचारलं, "बाई, झाली ना नोकरी? आता कशाला?" तर म्हणाल्या, "राहिलंय थोडं." काय राहिलंय ते सांगितलं नाही. पण रविवारच्या गाड्यांचं काही खरं नसतं. परतीची चुकली की पेठच्या स्टँडवर तासन् तास. गुडघे दुखायला लागले होते. अश्विनचं म्हणणं, आई, आता पुरे. बाईंचं म्हणणं, गाडी घेते.

शेवटी अश्विन तयार झाला तो एका अटीवर. "आई, गाडीत काही लफडं निघालं तर सात दिवसांत कंपनीला परत देता येते. परत द्यायची, आणि पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही. रविवारही बंद." बाईंनी 'बरं' म्हटलं. म्हणजे एवढी एकच संधी.

आता अशी संधी असताना शेजारच्या सावळीरामाला हाक मारायला नको? पण नाही. ऑगस्टातल्या एका शनिवारी गाडी दारात आली ती ट्रकवर बसून. पांढरीशुभ्र, बॉनेटवर लाल रिबीन. दोन पोरं उतरली, बाईंच्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली देऊन फोटो काढला आणि गेली. कॉलनी जमली. मी गेलो नाही. छाया ओढून घेऊन गेली.

"भाऊ, रागावू नका," बाई म्हणाल्या, "हे बघा." आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. तपासणीचा अहवाल. दोनशे मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण. ब्रेक बरोबर, क्लच बरोबर, सीटबेल्ट बरोबर, 'पाण्याचं नुकसान नाही', बरोबर. आठ ठिकाणी फक्त पिवळं, 'सुधारणा हवी'. वायपरचं रबर, मागचा एक ओरखडा, असलं काहीतरी. "दोनशेपैकी एकशे ब्याण्णव! शाण्णव टक्के. एकतीस वर्षांत इतके मार्क मी कुणाला दिले नाहीत."

"बाई, मार्क देणारा कोण ते बघितलं का?"

याच प्रश्नाची वाट बघत होत्या. स्क्रीन खाली सरकवली. तळाशी तिकिटाएवढा फोटो, खाली नाव. बारकू भोये.

"माझा विद्यार्थी आहे. पाड्यावरचा. पाचवी ते सातवी माझ्याकडे. अक्षर म्हणजे मोत्याचं! नंतर आयटीआय केलं म्हणून कळलं होतं. त्याचं नाव पाहिलं आणि म्हटलं, आता काय तपासायचं? आपणच शिकवलंय."

"मग त्याला एक फोन तरी करायचा."

"छे! परीक्षकाला कुणी फोन करतं का?"

कप्पाळ माझं! अशी चूक फक्त मास्तरीणच करू शकते. जगातला दुसरा कुणी माणूस गाडी बघतो, ही बाई गाडीचं प्रगतिपुस्तक बघून आली.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाई चालवायला, मी शेजारी, छाया डबा घेऊन मागे. खरं सांगतो, बाई गाडी चांगली चालवतात. जाताना काही नाही. पाड्यावर पोरं गाडीभोवती नाचली, वाचन झालं, डबा खाल्ला. परत येताना सावळघाटाच्या चढावर मला वास आला. गोडसर, गरम. चौतीस वर्षं ओळखीचा वास. तापमानाच्या काट्याकडे पाहिलं तर काटा लालमध्ये.

"बाई, बाजूला घ्या. आत्ता."

बॉनेट उचललं आणि वाफेचा लोट. थंड होईपर्यंत तासभर बसलो. मग बॅटरी घेऊन वाकून पाहिलं. रेडिएटरच्या जाळीत सुकलेला गाळ. नुसती धूळ नव्हे, गाळ. नदीकाठचा असतो तसा, चिकटून बसलेला. मी मागचं दार उघडलं आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. आपण बेल्ट निम्मा ओढतो, शेवटचा हातभर भाग कधी बाहेर येतच नाही, म्हणून धुणाराही तो धूत नाही. त्या हातभर भागावर तपकिरी रेघ होती. मग चटई उचलली, खालची गादी दाबली, बोटाला ओल. स्टेपनीच्या खड्ड्यात गंज.

"भाऊ, काय झालंय?"

"बाई, ही गाडी पाण्यात बुडून आलीय. सीटपर्यंत. कुठल्या गावच्या पुरात ते तिलाच माहीत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा."

बाईंनी मोबाइल काढला, अहवाल उघडला, आणि एकेक मुद्दा वाचायला लागल्या. सीटबेल्ट, शेवटपर्यंत ओढून पाहिला, बरोबर. चटईखालचा भाग, बरोबर. रेडिएटर, बरोबर. वाचत वाचत थांबल्या आणि मोबाइल पर्समध्ये ठेवला. पाणी ओतत, थांबत, तीसच्या वेगानं आम्ही घरी आलो.

सोमवारी तक्रार केली. फोनवर तेजल नावाची मुलगी, आवाज लोण्यासारखा. "मॅम, आमच्या रिपोर्टमध्ये वॉटर डॅमेज नाही दाखवलंय. डिलिव्हरीनंतर पाणी गेलं असेल. नाशिकला पाऊस आहे ना?"

मी फोन हिसकावून घेतला. "अगं ताई, एका रात्रीत गंज चढतो का?"

"सर, मी समजू शकते." काय समजू शकते डोंबल! पण मुलगी वाईट नव्हती. शेवटी हळूच म्हणाली, "तुम्ही तक्रारीच्या फॉर्ममध्ये तपासणीसाची चूक हा रकाना भरा. त्यांचं नाव टाका, सीटबेल्टचा फोटो लावा. मग गाडी लगेच परत घेतात. शुक्रवारपर्यंत भरा मात्र."

"आणि तपासणीसाचं काय होतं?" बाईंनी विचारलं.

"ते आमच्याकडे नसतं मॅम." जरा थांबून म्हणाली, "बहुतेक काढतात."

झालं. फॉर्म उघडून बाई बसल्या आणि तो रकाना सोडून बाकी सगळा भरला. सोमवार गेला. मंगळवार गेला. संध्याकाळी विहारात वर्षावासाचं वाचन असतं, तिथे बाई जाऊन यायच्या, पुन्हा मोबाइल घेऊन बसायच्या. मी रोज सकाळी कुंपणावरून विचारायचो, "भरला?" बाई म्हणायच्या, "बघू."

बुधवारी माझा तोल गेला. "बघू काय बघू? तुमची एकच संधी होती. शुक्रवार गेला की ही बुडालेली गाडी गळ्यात, आणि परत दिली तर निदान अब्रूनं सुटाल. तुमच्या त्या मोत्याच्या अक्षराच्या पोरानं तुम्हाला खड्ड्यात घातलंय आणि तुम्ही त्यालाच झाकताय!"

"भाऊ, ओरडू नका. त्याला दोन वर्षांची मुलगी आहे. मी चौकशी केली."

"मग गाडी ठेवा आणि ढकलत न्या पेठला!"

छायानं मला आत ओढलं. मी जेवलो नाही. म्हणजे थोडंसं जेवलो.

गुरुवारी सकाळी बाई दारात उभ्या. तयार, इस्त्रीची साडी, खांद्याला तीच शाळेची पिशवी. "भाऊ, चला. पेपर पुन्हा तपासून घ्यायचाय."

कंपनीचं आवार मुंबई-आग्रा रोडला, पाथर्डी फाट्याच्या पुढे. गाड्यांच्या रांगाच रांगा, एका बाजूला पत्र्याची शेड. आम्ही थांबत थांबत पोचलो. शेडमध्ये निळा शर्ट घातलेला पंचविशीतला काटकुळा तरुण टॅब घेऊन उभा होता. बाईंना पाहिलं आणि त्याचा चेहरा असा फुलला, की माझ्या तोंडात आलेली शिवी मागे गेली.

"बाई! तुमी? हितं?" आणि वाकायला लागला.

"वाकायचं नाही, किती वेळा सांगितलंय. बारकू, ही गाडी ओळखतोस?"

त्यानं नंबर पाहिला. टॅबवर काढला. मालकाचं नाव वाचलं, शकुंतला पगारे. आणि तो चेहरा, आत्ता फुललेला, पार उतरला.

बाईंनी पिशवीतून फुलस्केप कागद काढले. त्यावर स्वतः पट्टीनं रेघा मारून दोनशे रकाने आखले होते. एक निळं पेन दिलं. "मला घाई नाही. तू पुन्हा तपास. तुला दिसतं तेच लिही." एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसल्या. पेपर चालू असताना वर्गात बसत असणार तशा.

बारकूनं तपासायला सुरुवात केली. आणि मला कबूल करायला हवं, पोराला काम येत होतं. कुठे वाकायचं, कुठे वास घ्यायचा, कुठे टिचकी मारायची, सगळं ठाऊक. म्हणूनच जास्त राग येत होता. सीटबेल्टशी आला. ओढला. रेघ बाहेर आली. त्याचा हात तिथेच थांबला.

"लिही," बाई म्हणाल्या.

"बाई, दिवसाला अठरा गाड्या येतात." तो बेल्ट हातात धरूनच बोलत होता. "एका गाडीला वीस मिनिटं. वीस मिनिटांत दोनशे ठिकाणी कोण बघणार? बेल्ट वढून बघायला टाइमच नाय. टॅबमध्ये एक बटन हाय, दाबलं की समदं बरोबर होतं. समदेच दाबतात. मी एकटाच नाय."

"मग आठ चुका कशा काढल्यास?"

त्यानं बेल्ट आत सोडला.

"बारकू, सगळं बरोबरचं बटण आहे, तर एकशे ब्याण्णव का? दोनशे का नाहीत?"

"दोनशे टाकले तर सायबाला खोटं वाटतं, बाई. म्हणून दर गाडीला सात-आठ कमी करायचे. वायपर, ओरखडा. मग खरं वाटतं."

"हे कुणी शिकवलं तुला? त्या साहेबानं?"

बारकूनं मान हलवली. नाही. मग बाईंकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, उलट उत्तर नाही, काही नाही. धडा विचारल्यावर पोरगं सांगतं तसं त्यानं सांगितलं.

"तुमीच शिकवलं, बाई. सहावीला. मोठे साहेब यायचे होते ना तपासणीला, मूल्यमापनाच्या वह्या कोऱ्या होत्या. माझं अक्षर चांगलं म्हणून तुमी मला टेबलाशी बसवलं. म्हणलात, बारकू, समद्यांच्या नावापुढं 'अ' टाक. मी टाकत होतो, तर तुमी म्हणलात, समद्यांना 'अ' नको रे, दोघा-तिघांना 'ब' टाक, साहेबांना खरं वाटलं पाहिजे. दर परीक्षेला मीच भरायचो मग. सातवीपर्यंत."

शेडवर पत्रा तापल्याचा आवाज येत होता. बाई खुर्चीत तशाच बसलेल्या, हात मांडीवर. मी त्यांना नवरा गेला तेव्हा पाहिलंय, पण असा चेहरा तेव्हाही नव्हता. मी काहीतरी बोलायला गेलो, की बाई, सगळ्याच शाळांत तसं करत होते, वरून ढीगभर कागद मागायचे, शिकवायचं कधी आणि भरायचं कधी. बाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं."

मला एकदम कळलं, की बाई रविवारचं पाड्यावर का जातात. वाचता येत नसताना ज्यांच्या नावापुढे 'अ' पडले, ती पोरं कधीच मोठी होऊन गेली. बाई त्यांच्या मागून आलेल्या पोरांना वाचायला शिकवत होत्या.

"तपास पुढे," बाई म्हणाल्या. "अजून एकशे चाळीस राहिलेत."

साडेतीन तास लागले. शेवटी बारकूनं बेरीज केली. दोनशेपैकी एकशे सात. तळाशी त्यानं मोत्यासारख्या अक्षरात आपलं नाव लिहिलं, कुणी न सांगता. बाईंनी पेन घेतलं आणि त्याच्या सहीखाली आपली सही केली. शेजारी लिहिलं, वर्गशिक्षिका.

"हे मी साहेबांना देणार, बारकू. तुझं नाव त्यावर राहणार. माझंही राहील."

"द्या, बाई," तो म्हणाला.

साहेब म्हणजे तीस वर्षांचा, टी-शर्टवर कंपनीचं नाव असलेला माणूस. त्यानं कागद वाचला, बारकूकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. बाईंनी त्याला बोलूच दिलं नाही. "याला काढायचं असेल तर आधी मला सांगा, वीस मिनिटांत दोनशे मुद्दे कोणत्या गणितानं होतात? तुम्ही करून दाखवा, मी इथे बसते. आणि ते सगळं बरोबरचं बटण यानं बसवलं का? दुसरी गोष्ट, खोटं कसं लिहायचं हे याला मी शिकवलंय. चूक माझ्यापासून मोजा."

एकोणसाठ वर्षांची बाई, इस्त्रीची साडी, समोर पट्टीनं आखलेले दोनशे रकाने. साहेबानं गाडी परत घेतली. बारकूची नोकरी राहिली, पण दोन महिने त्याला तपासणीवरून काढून गाड्या धुवायला लावलं. त्या बटणाचं काय झालं, मला माहीत नाही. असेल अजून.

आम्ही रिक्षानं परत आलो. त्या संध्याकाळी विहारात पंचशील म्हणताना मी बाईंच्या मागेच उभा होतो. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, बाईंचा आवाज आला नाही. पाचव्याला पुन्हा आला.

रात्री जेवणं झाल्यावर बाईंनी आमच्याच ओट्यावर बसून अश्विनला फोन केला. "गाडी परत दिली," त्या म्हणाल्या, "कबूल केल्याप्रमाणे आता गाडीचं नाव काढणार नाही." आणि मग सगळं सांगितलं. वह्यांचं, 'अ'चं, 'ब'चं, टेबलाशी बसलेल्या बारकूचं. स्वतःला काहीही न वगळता. मी उठून जायला लागलो तर हातानंच बसा म्हणाल्या. मग पलीकडून अश्विनचा आवाज आला. "आई, दुसरी गाडी बघ. या वेळी तपासायला त्या बारकूलाच ने." आणि जरा थांबून, "सावळीरामकाकांनाही विचार, नाहीतर ते आयुष्यभर बोलून दाखवतील." पोरगं हुशार आहे, आईवर गेलंय.

दुसरी गाडी मखमलाबादच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याकडे मिळाली. अकरा वर्षांची, राखाडी, उजव्या दाराला पोचा. बारकू सुट्टीच्या दिवशी आला. तो खाली, मी वर, असे दोघं दिवसभर भिडलो. बाईंनी पुन्हा रकाने आखून दिले होते. एकशे त्रेचाळीस मार्क पडले. सत्तावन्न चुका, प्रत्येकीपुढे काय झालंय ते लिहिलेलं. बाईंनी कागद दोनदा वाचला. "हिनं आपली कच्ची बाजू सांगितलीय. घेते." मीही म्हटलं, घ्या. भांडायला काही जागाच ठेवली नव्हती पोरानं.

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी आम्ही निघालो. बाई चालवायला. मी आणि छाया मागे, कारण पुढे शेजारी बारकू. त्याचं घर त्याच पाड्यावर, म्हणून बाईंनी बरोबर घेतला होता. भात कापून झाला होता, खाचरांत नुसते बुडखे. बारकू मुलीबद्दल सांगत होता, बोबडं काय काय बोलते ते. छाया डब्यातले लाडू पुढे सरकवत होती. मी सवयीनं काट्यावर लक्ष ठेवून.

घाटाच्या तोंडाशी आल्यावर बाईंनी विचारलं. सहज विचारावं तसं, समोर बघत.

"बारकू, एक सांग. ते 'ब' टाकायचास ना दोघा-तिघांना. कुणाच्या नावापुढं टाकायचास?"

"माझ्याच, बाई."

"आणि दुसरा?"

"माझ्या बहिणीच्या. कुसाच्या. ती पाचवीला होती." लाडू हातात तसाच. "दुसऱ्या कुणाला टाकायला बरं नाय वाटायचं. त्यांनी काय केलं होतं?"

बाईंनी एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. मग सावकाश डावीकडे सिग्नल देऊन गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. मी पटकन पुढे वाकून काट्याकडे पाहिलं. काटा मधोमध होता. गाडीला काही झालेलं नव्हतं.

बाई दार उघडून खाली उतरल्या आणि गाडीला वळसा घालून बारकूच्या बाजूला आल्या.

"उतर, बारकू. तू चालव," त्या म्हणाल्या. "मला रस्ता दिसत नाहीये."